जो गंजत नाही, त्याला रंग द्या

पार्ल्यातल्या एखाद्या चाळीस-पन्नास वर्षं जुन्या इमारतीच्या गच्चीवर जा आणि पाण्याच्या टाकीखालचे पाइप नीट बघा. टाकीतून उतरणारा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप मधल्या भागात बऱ्यापैकी शाबूत असतो. त्याला बसवलेला पितळी व्हॉल्व्ह तर ठणठणीतच असतो. गळती सुरू होते ती या दोघांच्या सांध्यापाशी, आणि तीही नेहमी पाइपाच्या बाजूने. मग प्लंबर येतो, सडलेला तुकडा कापून काढतो, नव्या पाइपाला आटे पाडतो, धागा-सफेदा लावतो आणि तोच पितळी व्हॉल्व्ह पुन्हा बसवून जातो. काही वर्षांनी सोसायटीच्या सभेत हा विषय परत निघतो आणि ‘पाइप हलका लावला होता’ असा ठराव जवळजवळ एकमताने होतो.

पाइप हलका असेलही. पण हलका पाइप सगळीकडून सडायला हवा. बरोबर सांध्यापाशीच का सडतो?

निम्मं उत्तर प्लंबरला ठाऊक असतं. आटे पाडताना पाइपावरचा जस्ताचा थर खरवडून निघतो आणि लोखंडाची भिंतही तिथे पातळ होते. पण अशाच आट्यांवर लोखंडी सॉकेट चढवलं तर ते पुष्कळ जास्त टिकतं. म्हणजे उरलेलं निम्मं उत्तर त्या ठणठणीत पितळात आहे. आणि पार्ल्याच्या नळाला तानसा-वैतरणेचं गोडं पाणी येतं म्हणून या प्रकाराला वर्षं लागतात. हाच सांधा जरा पश्चिमेला, जुहूच्या समुद्राच्या पाण्यात ठेवला, तर पाइपाची वाट त्यामानाने फारच लवकर लागेल.

मुंबईच्या आसपास समुद्राचं पाणी पाइपांतून खेळवणारी ठिकाणं थोडीथोडकी नाहीत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली सायरस अणुभट्टी १९६० ते २०१० अशी पन्नास वर्षं चालली. तिच्या इंधनाला थंड करणारं शुद्ध पाणी स्वतःची उष्णता समुद्राच्या पाण्याला देत असे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीतली उष्णताही शेवटी समुद्रातच जाते. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून अरबी समुद्राच्या पाण्यावर आपली वाफ थंड करतं आहे. नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांच्या इंजिनांचं थंडावणंही असंच, आणि त्यांच्यावरचे आगीचे बंबसुद्धा खाऱ्या पाण्यावरच. या सगळ्या ठिकाणी पंप एका धातूचा, पाइप दुसऱ्या आणि व्हॉल्व्ह तिसऱ्या धातूचा असतो. सगळं एकाच धातूचं करणं परवडत नाही, कित्येकदा ते शक्यही नसतं. तेव्हा प्रश्न उरतो तो इतकाच, की वेगवेगळे धातू शेजारी नांदवायचे कसे.

इलेक्ट्रॉनची पळवाट

लोखंड पाण्यात असताना त्याचे काही अणू इलेक्ट्रॉन मागे टाकून पाण्यात उतरतात. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन कुणीतरी उचलावे लागतात, नाहीतर हा व्यवहार तिथेच तुंबतो. ते उचलतो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. एकट्या लोखंडाच्या तुकड्यावर या दोन्ही गोष्टी त्याच पृष्ठभागावर, इथे-तिथे होत राहतात आणि तो सगळीकडून सावकाश गंजतो. शांत समुद्रात साध्या पोलादाच्या बाबतीत हा वेग वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटर असतो.

आता त्या लोखंडाला तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा चिकटवा. तांब्याची इलेक्ट्रॉन सोडायची तयारी लोखंडापेक्षा बरीच कमी. त्यामुळे लोखंडावर साचलेले इलेक्ट्रॉन धातूतून सरळ तांब्याकडे जातात आणि तिथल्या पृष्ठभागावर आलेला ऑक्सिजनही त्यांना उचलू लागतो. लोखंडाला गिऱ्हाइकांची एक नवी बाजारपेठच मिळते. ते अधिक वेगाने विरघळतं, आणि तांबं मात्र पूर्वीपेक्षाही सुरक्षित होतं. इलेक्ट्रॉन धातूतून जातात, आयन पाण्यातून फिरतात, आणि फेरा पूर्ण होतो. ही बॅटरीच आहे, फक्त ती आपण मुद्दाम केलेली नसते. हिलाच गॅल्व्हानिक गंज म्हणतात.

म्हणजे दुखणं व्हायला चार गोष्टी एकत्र लागतात: वेगळ्या स्वभावाचे दोन धातू, त्यांच्यात धातूचा स्पर्श, दोघांना एकाच वेळी भिजवणारं पाणी, आणि इलेक्ट्रॉन उचलणारा ऑक्सिजन. यातली एक काढून घेतली की बॅटरी बंद.

समुद्रात हे इतकं का बळावतं, त्याचं कारण मीठ. एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असल्याने समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी चांगलं वीजवाहक असतं. गोड्या पाण्यात आयनांना लांब जाणं अवघड, म्हणून पाइप फक्त पितळेला लागूनच्या अरुंद पट्ट्यात सडतो. गच्चीवरच्या कोड्याचं उरलेलं उत्तर हेच. खाऱ्या पाण्यात मात्र पितळेचा असर पाइपाच्या व्यासाच्या कित्येक पट लांबपर्यंत पोचतो. समुद्राजवळच्या इमारतींत बोअरचं मचूळ पाणी फ्लशसाठी वापरतात, त्यांची गत या दोहोंच्या मधली.

जाता जाता टेफलॉन टेपबद्दल. टेप गुंडाळली की दोन धातू अलग झाले, अशी एक समजूत आहे. आटे घट्ट आवळताना टेप जागोजागी कापली जाते आणि धातूला धातू भिडतोच. टेप पाणी अडवते, वीज अडवत नाही.

चौकट: समुद्राच्या पाण्यातली उतरंड

(कॅलोमेल या तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रोडच्या मानाने, अंदाजे व्होल्ट)

मॅग्नेशियम: −१.६
जस्त: −१.०
अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू: −०.७५ ते −१.०
साधं पोलाद, बीड: −०.६ ते −०.७
तांबं, पितळ: −०.३ ते −०.४
क्युप्रोनिकेल (९० भाग तांबं, १० भाग निकेल): −०.२ ते −०.३
३१६ जातीचं स्टेनलेस, वरचा थर शाबूत असताना: ० ते −०.१
टायटॅनियम: शून्याच्या आसपास
ग्राफाइट: +०.२ ते +०.३

यातले कुठलेही दोन जोडले की यादीत वर असलेला झिजतो आणि खाली असलेला वाचतो.

ही यादी हाताशी असली की कोण मरणार ते कळतं. किती वेगाने मरणार ते मात्र यादी सांगत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. आकड्यांमधलं अंतर मोठं म्हणजे गंज जास्त, असा सरळ हिशेब केला तर फसायला होतं. क्लोरीन सोडलेल्या समुद्राच्या पाण्यात टायटॅनियम किंवा स्टेनलेसचा पृष्ठभाग ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन पोचवण्यात मंद असतो. तांबं यादीत लोखंडाच्या जवळ असूनही या कामात तरबेज, म्हणून पोलादाला ते कधीकधी जास्त छळतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कोण केवढं आहे.

पंगत मोठी, कोठार लहान

तांब्याचा पृष्ठभाग म्हणजे जेवणाची पंगत समजा. तिथे येऊन बसणारा ऑक्सिजन हा पाहुणा, आणि इलेक्ट्रॉन हे अन्न. अन्न येतं ते लोखंडाच्या कोठारातून, कारण तांबं स्वतःचं काही द्यायला तयार नसतं. पंगतीत जितके पाट, तितकी मागणी. पंगत हजारांची आणि कोठार एवढंसं असेल तर ते बघता बघता रिकामं होणार. पंगत चार जणांची आणि कोठार वाड्याएवढं असेल तर कोठाराला कळणारही नाही.

म्हणून तांब्याच्या मोठ्या पत्र्याला लोखंडी खिळे ठोकणं हा वेडेपणा, आणि लोखंडाच्या जाड पत्र्याला तांब्याचे रिव्हेट मारणं बरंच चालून जाणारं. धातू तेच दोन, पाणी तेच, फक्त माप उलटं. जिथे सांध्यात बोल्ट येतो तिथे बोल्ट शेजारच्या पत्र्यापेक्षा थोडा ‘खालच्या ओळीतला’, म्हणजे कमी झिजणारा असावा, हा जहाजबांधणीतला नियम यातूनच आला. वेल्डिंगच्या रेघेलाही तोच नियम लागू.

आता रंगाची गोष्ट. समजा क्युप्रोनिकेलच्या लांब पाइपाला पोलादाचा छोटा तुकडा जोडलेला आहे. पोलाद गंजतं म्हणून कुणीही शहाणा माणूस पोलादाला आतून रंग देईल आणि क्युप्रोनिकेल उघडं ठेवेल. पण रंग कितीही काळजीने दिला तरी त्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतातच. आता कोठाराचे सगळे दरवाजे बंद, फक्त एक फट उघडी, आणि बाहेर पंगत तेवढीच. सगळी मागणी त्या एका फटीवर तुटून पडते. रंग नसता तर पोलाद सगळीकडून सारखं, सावकाश झिजलं असतं. रंगामुळे ते एकाच जागी सुईसारखं आरपार जातं, आणि पाइपाला भोक पडायला तेवढं पुरतं.

रंग द्यायचा तर तो क्युप्रोनिकेलला द्या, म्हणजेच जो गंजत नाही त्याला. मग पंगतीतले पाट उचलले जातात. रंगात चार भोकं राहिली तरी चार पाहुणे बसतील, आणि ते कोठाराला जड नाहीत. दोन्ही रंगवता आले तर उत्तमच, पण एकच रंगवायचा असेल तर कुठला, याबद्दल शंका नको. हे ऐकून बहुतेकांना आपली थट्टा चालली आहे असं वाटतं. तरी खाऱ्या पाण्याच्या पाइपकामातली इतकी स्वस्त आणि इतकी दुर्लक्षित युक्ती दुसरी सापडायची नाही.

पंपात हाच हिशेब मुद्दाम वापरलेला दिसतो. समुद्राच्या पाण्याच्या पुष्कळ पंपांचं बाहेरचं कवच बिडाचं आणि आतला फिरता पंखा ब्राँझचा असतो. वरवर पाहता ही जोडी चुकीची. पण कवच जाडजूड आणि मोठं, पंखा लहान. कवच थोडं थोडं झिजून पंख्याला जपतं, आणि पंख्याची मापं अचूक राहिली तरच पंप नीट चालतो. व्हॉल्व्हमध्येही अंग साध्या धातूचं आणि आतली बैठक, दांडा वरच्या दर्जाचा असतो, तो याच हिशेबाने.

या जोडीला एक चोरदरवाजा मात्र आहे. बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्यांचं जाळं असतं. त्यातलं लोखंड विरघळून गेलं तरी ग्राफाइटचा सांगाडा जागच्या जागी उभा राहतो. कवचाचा आकार, जाडी, सगळं पूर्वीसारखं दिसतं, पण चाकूने खरवडलं तर पेन्सिलच्या शिशासारखी काळी भुकटी निघते. आणि यादी बघा: ग्राफाइट सगळ्यांत तळाला. कालपर्यंत ब्राँझला जपणारं कवच आता त्यालाच खाऊ लागतं. जुन्या पंपाचा पंखा अचानक झिजायला लागला की आधी कवच तपासायचं, ते यासाठी. फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपांच्या टोकांच्या बोल्टांनी आवळायच्या चकत्यांमध्ये, ग्राफाइटचं गॅस्केट खाऱ्या पाण्याला का चालत नाही, तेही इथेच कळतं.

खाकी कागदाचा धडा

हे सगळं माणसाला पहिल्यांदा नीट दिसलं ते जहाजाच्या तळाशी. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून बचाव म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. दोन वर्षांनी जहाज तपासायला घेतलं तेव्हा लोखंडी खिळे जागोजागी खाऊन गेलेले होते आणि पत्रे सुटत होते. मात्र काही खिळे चांगले राहिले होते. पत्रे ज्या खाकी कागदात बांधून आले होते तो कागद काही ठिकाणी काढायचाच राहिला होता, आणि जिथे तो खिळा आणि तांब्याच्या मध्ये टिकला तिथे खिळाही टिकला. व्होल्टाने आपली बॅटरी जगापुढे मांडली १८०० मध्ये. म्हणजे कारण माहीत व्हायच्या कितीतरी आधी उपाय सापडला होता, तोही कुणाच्या तरी आळसामुळे.

दुसरा अध्याय हम्फ्री डेव्हीचा. तांब्याचे पत्रेही समुद्रात हळूहळू झिजत. १८२४ मध्ये डेव्हीने सुचवलं, की तांब्याला बिडाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे जोडा, ते झिजतील आणि तांबं वाचेल. ही कल्पना ज्या ‘समारंग’ जहाजावर बसवून पाहिली ते आपल्या कोचीनच्या गोदीत बांधलेलं होतं. तांबं अगदी डेव्हीच्या म्हणण्याप्रमाणे वाचलं. पण तांब्याचे कण पाण्यात सुटत तेव्हा त्यांच्या विषाने शंख-शिंपले तळापासून दूर राहत असत. तांबं विरघळायचं थांबल्यावर तळाला त्यांची दाटी झाली, जहाजाचा वेग पडला आणि नौदलाने तो नाद सोडला. युक्ती मात्र खोटी नव्हती. आज पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या वड्या लावतात त्या डेव्हीच्याच. मुंबईच्या नौदल गोदीत १९५३ मध्ये निघालेली आणि आता अंबरनाथला असलेली नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा अशाच विषयांवर काम करते.

आपल्या घरातही ही वडी असते. साठवणीच्या गीझरमध्ये पोलादी टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी लोंबकळत असते. ती झिजते म्हणून टाकी टिकते. सर्व्हिसिंगवाला ती बदलायला सांगतो तेव्हा तो दर वेळी गंडवतच असतो असं नाही.

पाइपाच्या आत मात्र ही युक्ती तोकडी पडते. जहाजाच्या तळाला मोकळा समुद्र असतो, वडीचा असर चहूकडे पसरतो. अरुंद पाइपात तो काही व्यासांपुढे जातच नाही. म्हणून पाइपकामात वेगळी तऱ्हा वापरतात: दोन धातूंच्या मध्ये साध्या पोलादाचा मुद्दाम जाड ठेवलेला एक छोटा तुकडा, दोन्हीकडे फ्लँज असलेला. तो झिजण्यासाठीच असतो. दर काही वर्षांनी बोल्ट काढून नवा बसवायचा, बाकीच्या महागड्या पाइपाला हात लावायचा नाही. किती झिजेल याचा हिशेबही मांडता येतो: एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे नऊ किलो लोखंड पाण्यात जातं.

स्पर्श तोडायचा, पण खरोखर

आणखी सरळ मार्ग म्हणजे धातूचा स्पर्शच तोडणे. फ्लँजच्या मध्ये वीज न वाहणारं गॅस्केट घालतात. बरेच जण इथेच थांबतात, आणि सगळं फुकट जातं, कारण दोन फ्लँजना आवळणारे पोलादी बोल्ट दोघांनाही भिडलेले असतात. प्रत्येक बोल्टाला प्लास्टिकची नळी आणि नट-डोक्याखाली न वाहणारे वॉशर घातले तरच सांधा खरा तुटतो. आणि एवढं करूनही दोन्ही बाजूंचे पाइप एकाच लोखंडी आधारावर क्लँपने बसवलेले असले, किंवा पंपाची अर्थिंगची तार दोन्हीकडे फिरलेली असली, तर इलेक्ट्रॉन मागच्या दाराने येजा करतात. जहाजावर तर सगळं शेवटी एकाच पोलादी अंगाला जोडलेलं, तिथे असा तुटक सांधा टिकवणं फार जिकिरीचं.

सांधा तुटला की नाही ते मल्टिमीटरने बघायचं, पण पाणी सोडण्याआधी, पाइप कोरडा असताना. आत समुद्राचं पाणी भरल्यावर मीटर त्या पाण्यातूनच वीज मोजतो आणि चांगला सांधाही नापास करतो.

तुटक सांधा जमत नसेल तर मध्ये अंतर घालतात. फायबरच्या किंवा जाड प्लास्टिकच्या पाइपाचा एक लांब तुकडा बसवला की धातूंतला पाण्यातला प्रवास वाढतो आणि प्रवाह रोडावतो. किंवा वरच्या दर्जाच्या पाइपाला सांध्यापासून काही अंतरापर्यंत आतून रबराचं अस्तर लावतात. ही पुन्हा तीच पाट उचलण्याची युक्ती.

टायटॅनियम आलं आणि शेजारी आजारी पडला

वीज केंद्रांच्या कंडेन्सरमध्ये वाफ थंड करणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात. त्या पूर्वी बहुतेक तांब्याच्या मिश्रधातूंच्या असत. सांडपाण्याने भरलेल्या खाडीच्या पाण्यात सल्फाइड असतं, गाळ असतो, आणि तांब्याला दोन्ही सोसत नाही. म्हणून जगभर अनेक ठिकाणी जुन्या नळ्या काढून टायटॅनियमच्या बसवल्या. टायटॅनियमला समुद्र काही करत नाही. पण त्या नळ्या ज्या जाड चकतीत बसवलेल्या असतात ती पितळी किंवा ब्राँझची, आणि ती बदलायची म्हणजे अख्खा कंडेन्सर बदलण्यासारखंच. नळ्यांच्या आतला प्रचंड पृष्ठभाग हीच आता पंगत झाली, आणि चकती हे कोठार. वर्षानुवर्षं शांत असलेल्या चकत्या नळ्यांच्या तोंडांभोवती झिजू लागल्या.

उपाय म्हणून बाहेरून मोजका प्रवाह सोडून चकतीला इलेक्ट्रॉन पुरवतात, म्हणजे तिला स्वतःचे खर्चावे लागत नाहीत. इथेही हात आखडता ठेवावा लागतो. प्रवाह जास्त झाला की टायटॅनियमवर हायड्रोजन सुटतो, धातू तो शोषून घेतो आणि नळ्या ठिसूळ होतात. म्हणून व्होल्टमीटरवर नजर ठेवून, चकतीला पुरेल आणि नळीला बाधणार नाही अशा अरुंद पट्ट्यात हा प्रवाह राखतात.

जुन्या तांब्याच्या नळ्यांची एक गंमत मात्र सांगायला हवी. त्यांच्या आधी पाण्याच्या वाटेवर लोखंड असलं तर ते बिचारं झिजत असे, पण त्यातून सुटलेले लोहाचे कण पुढे नळ्यांच्या आत बसून एक राखणारा थर तयार करत. नळ्यांकडे पाणी नेणाऱ्या लोखंडी पेट्यांना रबराचं अस्तर लावून गंज थांबवला की हा थर मिळेनासा होतो. मग पाण्यात फेरस सल्फेट मुद्दाम सोडावं लागतं. एका ठिकाणचा गंज दुसऱ्या ठिकाणी औषध होता, हे थांबवल्यावरच लक्षात येतं.

मालाडजवळ मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प मुंबई महापालिकेने आखला आहे, पहिल्या टप्प्यात दिवसाला २० कोटी लिटरचा. अशा प्रकल्पांत समुद्रातून पाणी आणणारे कमी दाबाचे पाइप आता बहुधा प्लास्टिकचे किंवा फायबरचे असतात. तिथे हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. पण पडद्यातून मीठ गाळण्यासाठी पाणी साठ-सत्तर बारच्या दाबाने ढकलावं लागतं, आणि त्या टप्प्यावर पंप, व्हॉल्व्ह आणि पाइप धातूचेच लागतात, तेही सुपर डुप्लेक्स जातीच्या महाग स्टेनलेसचे. धातूला धातू भिडण्याच्या जागा आता तेवढ्याच उरतात. एखादा साध्या पोलादाचा नट, स्वस्तात मिळाला म्हणून लावलेला, तिथे पहिला बळी ठरतो.